भयकथेतील उत्कंठा : पडद्यापासून दारापर्यंत

१

भयकथेची गणना रंजनपर वाङ्मयात करण्यामागे उत्कंठेविषयीची एक विशिष्ट समजूत असते. लेखकाने वाचकापासून काही माहिती दडवून ठेवलेली असते. ती हाती येईपर्यंत वाचक अधीर असतो. ती हाती आली की उत्कंठा संपते आणि कथेत पुन्हा वाचण्याजोगे काही उरत नाही, अशी ही समजूत आहे. रहस्यकथेला ती बऱ्याच अंशी लागू पडते. भयकथेला लावली असता मात्र एक अडचण उभी राहते. ज्या भयकथा आज अभिजात मानल्या जातात त्यांचे शेवट वाचकांना बहुधा आधीच ठाऊक असतात, तरीही त्या वाचल्या जातात आणि पुन्हा भय उत्पन्न करतात. इतकेच नव्हे, तर त्यांतील काही कथा मुख्य घटना आरंभीच सांगून मोकळ्या होतात. जे दडवलेलेच नाही त्याविषयी उत्कंठा कशी निर्माण होते?

ह्या प्रश्नाचा विचार करताना कुतूहल आणि उत्कंठा ह्यांत भेद करणे उपयुक्त ठरते. कुतूहल ‘हे काय आहे’ असे विचारते. त्याचे समाधान ज्ञानाने होते. उत्कंठेला काय येणार आहे ह्याची थोडीबहुत जाणीव असते. तिचा रोख येण्याच्या क्षणाकडे असतो. संस्कृतातील मूळ शब्दात मान उंचावून वाट पाहण्याची क्रिया आहे, आणि काव्यपरंपरेत तो प्रामुख्याने प्रियजनाच्या प्रतीक्षेसाठी योजला गेला आहे. भयकथेच्या संदर्भात हा अर्थ अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु पाश्चात्त्य भयकथेचा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचा प्रवास पाहिला, तर ती कुतूहलाकडून उत्कंठेकडे, आणि शेवटी उत्कंठेच्या ह्या मूळ अर्थाकडे सरकत गेल्याचे दिसते.

२

भय आणि सुख ह्यांच्या संबंधाची आधुनिक चर्चा एडमंड बर्कच्या १७५७ मधील उदात्तविषयक ग्रंथापासून सुरू होते. धोका प्रत्यक्ष अंगावर येत नसेल तर भय आनंददायक होऊ शकते, आणि भय मोठे व्हावयाचे असेल तर त्याचा विषय अस्पष्ट राहिला पाहिजे, हे बर्कचे दोन सिद्धांत पुढील शतकभर भयवाङ्मयाला पुरले. १७७३ मध्ये जॉन एकिन आणि ॲना लेटिशिया एकिन ह्या भावंडांच्या गद्यसंग्रहात भयावह वस्तूंपासून मिळणाऱ्या सुखावर एक निबंध प्रसिद्ध झाला. तो सामान्यतः ॲना लेटिशियाचा, म्हणजे पुढे बार्बोल्ड ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या लेखिकेचा, मानला जातो. ह्या निबंधात वाचकाच्या सुखाविषयीच एक शंका घेतलेली आहे. वाचक पुढे वाचत राहतो तो आनंद होतो म्हणूनच असे नाही. एकदा जागी झालेली जिज्ञासा अतृप्त ठेवण्यापेक्षा तो वाचनाची यातना पत्करतो. उत्कंठा ही येथे सुखाची वाटणी नसून एक प्रकारची सक्ती ठरते.

निबंधाला जोडलेला ‘सर बर्ट्रांड’ हा अपूर्ण कथाखंड ह्या विचाराचे प्रात्यक्षिक आहे. माळरानावर वाट चुकलेला सरदार, घंटेचा नाद, ओसाड वाडा, आपोआप मिटणारे दार, जिन्यावरची निळसर ज्योत, अंधारात हाताला लागलेला थंडगार हात अशी एकामागून एक साधने येथे येतात. मात्र त्यांच्यात वाढीचा क्रम नाही. प्रत्येक साधन आधीच्यासारखेच दचकवते आणि कथा जेथे थांबते तेथे ती कोठेही थांबली असती.

ॲन रॅडक्लिफच्या ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) ह्या चार खंडांच्या कादंबरीत उत्कंठेला प्रथमच दीर्घ पल्ला मिळाला. नायिका एमिली किल्ल्यातील एक काळा पडदा बाजूला सारते, आत काही पाहते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिले हे वाचकाला कादंबरीच्या अखेरीस कळते, आणि ती वस्तू म्हणजे मेणाची प्रतिमा निघते. रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात तिने दोन प्रकारच्या भयांत भेद केला आहे : एक मनाच्या शक्तींना विस्तारणारे, दुसरे त्यांना गोठवून टाकणारे. भयानक आणि बीभत्स ह्यांच्या सीमारेषेचा विचार केलेल्या भारतीय वाचकाला हा भेद परका वाटणार नाही. पण स्वतः रॅडक्लिफची पडद्याची योजना कुतूहलाच्या कक्षेतच राहते. एमिलीला जे माहीत आहे ते वाचकाला माहीत नाही, एवढ्या एकाच तफावतीवर ती उभी आहे. तफावत मिटली की पडदा केवळ कापड उरतो. दडवलेल्या माहितीवर आधारलेल्या उत्कंठेची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे एकत्र पाहावयास मिळतात.

३

चार खंडांतून पसरलेल्या प्रतीक्षेला नियतकालिकाच्या काही पानांत जागा नव्हती. १८१७ मध्ये एडिंबरोहून सुरू झालेल्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ने तीव्र संवेदनांच्या कथांची एक जातच रूढ केली होती : मृत्यूच्या दाढेत सापडलेला माणूस आपल्या संवेदना स्वतःच सांगतो, असा तिचा साचा. एडगर ॲलन पो ह्याने १८३८ मध्ये ह्या साच्याची थट्टा केली आणि त्याचबरोबर तो आत्मसातही केला. १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना त्याने मांडलेला एकसंध परिणामाचा सिद्धांत सुपरिचित आहे. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्द पूर्वनियोजित परिणामाच्या दिशेने जावा, ह्या आग्रहाचा उत्कंठेवर होणारा परिणाम मात्र तितकासा लक्षात घेतला जात नाही. परिणाम आधी ठरलेला असेल, तर शेवट लपवण्याची निकड उरत नाही. शेवटाचे वजन पहिल्या वाक्यापासून जाणवू देणे हेच मग कथेचे काम होते.

‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) ही कथा ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आपण वेडे नाही हे पटवून देण्यासाठी धडपडणारा निवेदक दुसऱ्याच परिच्छेदात सांगतो की, म्हाताऱ्याच्या गिधाडासारख्या डोळ्यामुळे त्याने म्हाताऱ्याचा जीव घेण्याचे ठरवले. कोण, कोणाला, कशासाठी हे तिन्ही प्रश्न तेथेच निकालात निघतात. दडवण्यासारखे काही न उरल्यामुळे लेखकापाशी एकच साधन शिल्लक राहते, ते म्हणजे काळ. सात रात्री एकाच परिच्छेदात उरकतात. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या खटक्यावरून अंगठा निसटतो, म्हातारा दचकून उठून बसतो, आणि तेथून कथेची गती जवळजवळ थांबते. निवेदक तासभर स्नायूही हलवत नाही. समोर अंधारात म्हातारा बसून कानोसा घेत राहतो. निवेदकाच्या हाताच्या हालचालीहून घड्याळाचा मिनिटकाटा अधिक वेगाने फिरतो, असे कथेतच सुचवलेले आहे. कथनाला लागणारा काळ आणि घटितांचा काळ ह्यांचे प्रमाण बदलून परिणाम कसा साधला जातो, ह्याची काटेकोर मांडणी झेरार झनेत ह्या फ्रेंच समीक्षकाने १९७२ मध्ये केली. पोच्या कथेत ते प्रमाण हेच कथावस्तू झालेले आहे.

त्या तासात निवेदकाला म्हाताऱ्याचे भय ओळखीचे वाटते. असाच कण्हण्याचा आवाज मध्यरात्री आपल्याही छातीतून निघालेला आहे, हे तो जाणतो. मारणारा आणि मरणारा एकाच अंधारात एकमेकांची चाहूल घेत आहेत, आणि वाचक दोघांच्या मध्ये आहे. त्याला म्हाताऱ्याची कीव येते. परंतु निवेदनाचा दोर मारणाऱ्याच्या हाती असल्यामुळे दार उघडावे, कंदिलाची तिरीप डोळ्यावर पडावी, हा क्षण एकदाचा यावा, अशी अधीरताही त्याच्यात उत्पन्न होते. बार्बोल्डने सांगितलेली सक्ती येथे नैतिक प्रश्न होऊन येते. वाट पाहणारा वाचक निरपराध राहिलेला नाही.

४

काळ ताणण्याची ही युक्ती एका रात्रीपुरती पुरते. भय दिवसेंदिवस वाढत जाणारे असेल तर वेगळी रचना लागते. गी द मोपासाँने एकच कथावस्तू दोनदा लिहून हा प्रश्न हाताळला, आणि म्हणून त्याच्या ‘ल ओर्ला’च्या दोन संहिता उत्कंठेच्या अभ्यासकाला प्रयोगशाळेसारख्या उपयोगी पडतात.

१८८६ च्या ऑक्टोबरमध्ये वृत्तपत्रात आलेल्या पहिल्या संहितेत डॉक्टर मारांद आपल्या व्यवसायबंधूंना आणि काही शास्त्रज्ञांना बोलावतो व एका रुग्णाला त्यांच्यापुढे आणतो. रुग्ण आपली हकिकत सांगतो : आपला प्राण शोषणारे, आपल्या उशाशी ठेवलेले पाणी पिणारे कोणी अदृश्य अस्तित्व घरात शिरले आहे. शेवटी डॉक्टर कबूल करतो की, हा माणूस वेडा आहे, की आपण दोघेही, की मानवाचा उत्तराधिकारी खरोखरच आला आहे, हे त्याला सांगता येत नाही. ही संहिता चातुर्याने रचलेली आहे. पण तिच्यातील संशय हा ऐकणाऱ्यांचा संशय आहे. रुग्ण जिवंत आहे, घटना घडून गेल्या आहेत, आणि श्रोत्यांना फक्त निर्णय द्यावयाचा आहे.

१८८७ च्या संहितेत डॉक्टर, श्रोते, संस्था सगळे गेले; ८ मेपासून १० सप्टेंबरपर्यंतची दैनंदिनी उरली. भूतकाळात सांगितलेल्या हकिकतीला आपला शेवट ठाऊक असतो. दैनंदिनीतील प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीविषयी अज्ञानी असते. ३ जूनला लेखक काही आठवडे बाहेरगावी जाण्याचे ठरवतो. पुढची नोंद २ जुलैची असून तीत तो बरा होऊन परतला आहे. दोन नोंदींमधील कोरी जागा वाचकाच्या मनात भरून निघत नाही, कारण आजार गेला हे लिहिणाऱ्याचे समाधान वाचकाला पटत नाही. पुस्तकाची अजून कितीतरी पाने बाकी आहेत, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. वाचकाच्या हाताला मात्र ते जाणवत असते.

दुसरी योजना अधिक सूक्ष्म आहे. पहिल्याच दिवशी, सेन नदीकाठच्या आपल्या घरासमोरून जाणारे एक शुभ्र ब्राझिलियन जहाज पाहून लेखक आनंदाने त्याला अभिवादन करतो. वाचक ही ओळ प्रसन्न वर्णनाचा भाग म्हणून ओलांडून जातो. ब्राझीलमधील एका विलक्षण साथीची बातमी ऑगस्टमध्ये वाचनात आली की, ते अभिवादन आमंत्रण होते, हे लेखकाला आणि वाचकाला एकाच वेळी उमगते. येथे काहीही दडवलेले नव्हते. माहिती पहिल्या पानावर उघड पडून होती. दुसऱ्या वाचनात म्हणूनच ही कथा अधिक भयावह होते. पहिल्या वाचनात मे महिन्याची सकाळ निर्मळ असते. दुसऱ्या वाचनात त्या सकाळीच जहाज येऊन ठेपलेले असते आणि अभिवादनासाठी वर जाणारा हात थांबवता येत नाही. उत्कंठा एका वाचनात खर्ची पडते ह्या समजुतीला इतके स्पष्ट प्रत्युत्तर दुसरे क्वचितच मिळेल.

त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये मांडलेल्या विचारानुसार नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हे अद्भुताचे व्यवच्छेदक लक्षण होय. ‘ल ओर्ला’ला हा विचार चपखल लागतो. तथापि दोलायमानता आणि उत्कंठा एक नव्हेत. वेड की आक्रमण हा प्रश्न सोडवता आला नाही तरी दोन्ही वाटा एकाच रात्रीकडे जातात. अखेरीस लेखक घराला आग लावतो, आतल्या नोकरांचे भान त्याला राहत नाही, आणि तरीही तो शत्रू मेला की नाही ह्याची खात्री होत नाही. येणारे काय आहे ह्याविषयी संशय असू शकतो. ते येत आहे ह्याविषयी तो नसतो.

५

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्रंथव्यवहार बदलला. फिरत्या वाचनालयांनी पोसलेली तीन खंडी कादंबरी १८९४ नंतर मागे पडली आणि सचित्र मासिकांनी लघुकथेला मोठा वाचक मिळवून दिला. नाताळच्या सुमारास भुताची गोष्ट सांगण्याची जुनी प्रथा डिकन्सने आपल्या साप्ताहिकांच्या नाताळ अंकांतून छापील केलीच होती. १८६६ मधील ‘द सिग्नल-मॅन’ ही त्याची कथा त्याच चालीची. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये एम. आर. जेम्स ह्या हस्तलिखितांच्या अभ्यासकाने नाताळात मित्रांपुढे वाचलेल्या कथा १९०४ मध्ये पुस्तकरूपाने आल्या.

जेम्सने १९२४ मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावनेत आपली रीत सांगितली आहे. पात्रे आपापल्या नित्य व्यवहारात निवांत असावीत. त्या शांततेत अशुभाने प्रथम हळूच डोके वर काढावे, मग अधिकाधिक ठळक होत शेवटी सारा रंगमंच व्यापावा. ‘ओ व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ ह्या कथेत ही वाढ एका खाटेच्या आधारे मोजता येते. प्राध्यापक पार्किन्सला समुद्रकाठच्या खाणावळीत दोन खाटांची खोली मिळते, हे आरंभीच्या संभाषणात तक्रारीच्या सुरात येते. पडक्या धर्मवास्तूत सापडलेली शिटी तो फुंकतो. दुसऱ्या दिवशी मोलकरीण सहज विचारते की, जास्तीचे पांघरूण कोणत्या खाटेवर घालावयाचे, कारण दोन्ही वापरलेल्या दिसतात. नंतर एक मुलगा खिडकीत काहीतरी पांढरे हलताना पाहून घाबरतो. अखेर ती खाट हलते. शिटीवरील लॅटिन अक्षरांत येणारा हा कोण असा प्रश्न कोरलेला आहे; कथा त्याचे उत्तर देत नाही, चुरगळलेल्या चादरीचा चेहरा तेवढा दाखवते.

भरताने भयानकाच्या विभावांत विकृत नाद, घुबड-कोल्ह्यांचे ओरडणे, शून्य गृह, अरण्य, स्वजनांचा वध किंवा बंधन ह्यांचे दर्शन आणि श्रवण अशी यादी दिली आहे. रसविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर, अभिजात भयकथा उद्दीपन विभावांची रास वाढवत नेते आणि आलंबन विभावाची जागा शक्य तितकी रिकामी ठेवते. ‘सर बर्ट्रांड’मध्येही उद्दीपने मुबलक होती, पण ती एकाच रिकाम्या जागेभोवती रचलेली नव्हती. जेम्सच्या कथेत ती रिकामी जागा अक्षरशः एक रिकामी खाट आहे.

६

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) ह्या कथेत ह्या सर्व योजना एकत्र येतात, आणि त्यांच्या पलीकडचे काहीतरी घडते. हिंदुस्थानात एकवीस वर्षे काढलेला सार्जंट-मेजर मॉरिस एका फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा घेऊन व्हाइट कुटुंबात येतो. तिघांना प्रत्येकी तीन वर देणाऱ्या ह्या वस्तूच्या पहिल्या धन्याने तिसरा वर मरणाचा मागितला होता, हे मॉरिस सांगतो आणि पंजा विस्तवात टाकतो. म्हातारा तो उचलून घेतो. म्हणजे शेवट येथेही आधी सांगून झाला आहे. हिंदुस्थान मात्र कथेत प्रवेश करत नाही. गूढाचे उगमस्थान साम्राज्याच्या दूरच्या टोकाला ठेवले की त्याचे कारण विचारावे लागत नाही, ही त्या काळच्या इंग्रजी कथेची सोय होती, आणि येथील वाचकाने ती ओळखून असणे आवश्यक आहे.

घरावरचे कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड मागितले जातात. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो. यंत्रात सापडून मुलगा हर्बर्ट मेला आहे आणि भरपाई म्हणून मिळणारी रक्कम नेमकी तेवढीच आहे. वर फळाला आला की योगायोग घडला, हे शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. आठवडाभरानंतर एका रात्री आईला उरलेले वर आठवतात. मुलाला परत बोलावण्याचा दुसरा वर बाप नाइलाजाने मागतो. मुलाचे प्रेत त्याने केवळ कपड्यांवरून ओळखले होते, हे तो तिला त्याच वेळी सांगतो. कबरस्तान दोन मैलांवर आहे. मग दारावर थाप पडते.

कथेतील कोणत्याही पात्रापासून आणि वाचकापासून काही दडवलेले नाही. दाराबाहेर कोण असावे ह्याविषयी आई आणि बाप ह्यांचे एकमत आहे. तरीही ती अडसर काढावयास धावते, वरची कडी हाताला लागत नाही म्हणून खुर्ची ओढते. आणि तो अंधारात गुडघ्यांवर बसून तिसऱ्या वरासाठी पंजा शोधतो. रॅडक्लिफच्या पडद्यामागे अज्ञात वस्तू होती. ह्या दारामागे अतिशय ज्ञात, अतिशय प्रिय असे कोणी आहे. एकच थाप एकीला मुलाची वाटते आणि दुसऱ्याला प्रेताची. दोघेही बरोबर आहेत. उत्कंठेचा काव्यपरंपरेतील अर्थ, प्रियजनाच्या वाटेकडे लागलेले डोळे, भयाशी येथे पूर्णपणे एकरूप झाला आहे. दार उघडते तेव्हा रस्ता निर्मनुष्य असतो. जे टळले ते दिसत नाही, म्हणून त्याची भीषणता कमी होत नाही. आणि आईने काय गमावले हेही मोजता येत नाही.

७

अभिनवगुप्ताने साधारणीकरणाचे विवेचन करताना ‘शाकुंतला’तील शिकाऱ्यापुढे धावणाऱ्या भयभीत हरणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे प्रतीत होणारे भय देशकालाच्या मर्यादांपासून मुक्त असते. ते माझे, शत्रूचे, मित्राचे असे राहत नाही, आणि म्हणूनच आस्वाद्य होते. भयकथेची वाट वरवर उलट दिसते : ती तारीख देते, खाटा मोजते, पौंडांचा आकडा सांगते, कबरस्तानाचे अंतर नोंदवते. परंतु हे तपशील भयाला एका व्यक्तीपुरते बांधत नाहीत. येणाऱ्याला वाट करून देतात. दोन मैलांचे अंतर सांगितल्यामुळेच थाप कधी पडेल ह्याचा हिशेब वाचक मनात करू लागतो, आणि तो हिशेब कोणत्याही एका वाचकाचा नसतो.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या लेखनाने मराठीत भयकथेचा आणि गूढकथेचा मोठा वाचकवर्ग उभा राहिला. त्या लेखनाचे मूल्यमापन करताना कथा धक्का किती जोराचा देते हे पाहण्याची सवय सोडावी लागेल. धक्का कुतूहलाचा शेवट असतो आणि तो एकदाच बसतो. वाचकाला कोणाच्या शेजारी उभे करून वाट पाहावयास लावले आहे, त्या वाट पाहण्यात त्याची कोणती इच्छा गुंतली आहे, आणि येणारे टळावे असे वाटत असतानाच ते यावे असेही त्याला का वाटते, हे प्रश्न विचारल्याखेरीज भयकथेतील उत्कंठेची गुणवत्ता ठरवता येत नाही. पडदा दूर झाल्यावर मेणाची बाहुली उरते. पण बंद दारामागे प्रिय व्यक्ती आहे असे एकदा मानले, की दार उघडून रस्ता रिकामा दिसला तरी ती थाप संपत नाही.